हिमनदी : फळ्यावरची आणि डोळ्यांपुढची

शाळेच्या भूगोलात 'हिमनदीचे कार्य' नावाचा एक धडा असतो. यू-आकाराची दरी, लोंबती दरी, हिमगह्वर, हिमोढ ही नावे पाठ करावयाची, आकृती काढून भागांना नावे द्यावयाची आणि परीक्षा संपली की सारे विसरून जावयाचे, असा या धड्याचा एकंदर प्रवास. यात विद्यार्थ्यांचा काही दोष नाही. बेळगावात बसून 'वाहणारा बर्फ' ही कल्पना करावयाची तरी कशी? आपल्या ओळखीचा बर्फ उसाच्या रसाच्या गाड्यावर गोणपाटात गुंडाळलेला असतो, नाहीतर मासळीबाजारात. तो वितळतो हे आपण पाहतो. तो वाहतो, डोंगर कोरतो, गावे बुडवतो, हे कोणी सांगितले तर ऐकून घेतो एवढेच.

मी स्वतः सव्वीस वर्षे ही आकृती फळ्यावर खडूने काढीत आलो आहे. २०२५ च्या जुलै महिन्यात, माझा पुतण्या बर्न शहरी नोकरीस असल्यामुळे, स्वित्झर्लंडच्या आल्प्समध्ये आठ दिवस हिंडण्याचा योग आला. प्रवासवर्णन लिहिण्याचा हेतू नाही. विमानातले जेवण आणि तेथील गाड्यांचा वक्तशीरपणा यांवर पुष्कळांनी लिहिले आहे. तो प्रदेश पाहताना काय पाहावे, आणि जे दिसते ते तसे का आहे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

आपल्याकडील सहली बहुधा ज्या गावी उतरतात ते इंटरलाकेन. नावाचा अर्थच 'सरोवरांच्या मधले'. पश्चिमेस थूनचे सरोवर, पूर्वेस ब्रिएंझचे, आणि मधल्या सपाट पट्टीवर हे गाव. हिमयुग संपले तेव्हा येथे एकच लांबलचक सरोवर होते. दोन्ही बाजूंच्या डोंगरांतून येणाऱ्या ओढ्यांनी हजारो वर्षे गाळ आणून टाकला, त्याची ही पट्टी झाली आणि सरोवराचे दोन तुकडे पडले. म्हणजे ज्या जमिनीवर आज हॉटेले उभी आहेत ती डोंगरांनी वाहून आणलेली माती आहे. गावाच्या मध्यभागी एक विस्तीर्ण कुरण मोकळे सोडले आहे. १८६४ साली काही मंडळींनी ते विकत घेऊन त्यावर कधीही बांधकाम होणार नाही अशी व्यवस्था केली. आज त्या कुरणावर आकाशातून रंगीत छत्र्यांना टांगलेली माणसे दिवसभर उतरत असतात. शहराच्या ऐन मध्यावर एवढी जागा दीडशे वर्षांहून अधिक काळ कोणी गिळली नाही, याचे मला त्या छत्र्यांपेक्षा अधिक नवल वाटले.

ब्रिएंझच्या सरोवराचा रंग पाहून प्रत्येकजण थबकतो. निळा म्हणावा तर निळा नाही, हिरवा म्हणावा तर हिरवा नाही. मोरपंखी रंगात थोडे दूध मिसळावे तसा. सोबतच्या एका बाईंना पाण्यात काहीतरी औषध टाकीत असावेत अशी शंका आली! खरे कारण असे आहे. हिमनदीच्या तळाला दगडगोटे घट्ट रुतलेले असतात. वरून शेकडो मीटर बर्फाचा भार असतो आणि ही सारी रास तळच्या खडकावरून पुढे सरकत असते. हे अजस्र जातेच होय. या जात्यातून जे पीठ पडते ते इतके बारीक असते की पाण्याबरोबर वाहत येऊन सरोवरात महिनोन्महिने तरंगत राहते. सूर्यप्रकाशातील तांबडा भाग पाणी शोषून घेते, आणि निळा-हिरवा भाग हे कण परत आपल्या डोळ्यांकडे फेकतात. आरे आणि ल्युचिने या दोन्ही नद्या हिमनद्यांचे पाणी घेऊन प्रथम ब्रिएंझमध्ये येतात. ते सरोवर २६० मीटर खोल. तेथे बरेचसे पीठ तळाशी बसते, म्हणून पुढच्या थूनचे पाणी त्यामानाने अधिक नितळ दिसते. बोटीतून हिंडताना हा फरक डोळ्यांना कळतो. दोन्ही सरोवरांत शंभर वर्षांहून जुन्या, वाफेवर चालणाऱ्या चाकांच्या बोटी अजून चालतात. त्यांचे इंजिन चालताना वरून पाहता येते. विज्ञान शाखेच्या मुलांनी ते चुकवू नये.

इंटरलाकेनहून आगगाडीने वीस मिनिटांत लाउटरब्रुनेनच्या दरीत पोहोचता येते. फळ्यावरची आकृती येथे उभी आहे. नदीने कोरलेली दरी इंग्रजी 'व्ही' सारखी असते. आपली आंबोली, चोर्ला घाटाकडची कोणतीही दरी पाहा. ही दरी मात्र तळाशी सपाट आणि दोन्ही बाजूंना ताठ भिंती, अशी 'यू' सारखी. नदी तळाशी एका रेघेत कापते, हिमनदी सारी दरी भरून वाहते आणि बाजूसुद्धा खरवडते, म्हणून हा आकार. मुख्य हिमनदी मोठी, तिने खोल खणले. बाजूच्या लहान हिमनद्यांना तेवढा जोर नव्हता. पुढे बर्फ गेला आणि लहान दऱ्यांची तोंडे मोठ्या दरीच्या भिंतीत उंचावर लटकत राहिली. त्याच 'लोंबत्या दऱ्या'. त्यांतले ओढे सरळ खाली उडी घेतात. अशा बहात्तर धारा या एका दरीत आहेत असे सांगतात. सर्वांत प्रसिद्ध श्टाउबबाख, उंची सुमारे ३०० मीटर. आपला जोग २५३ मीटर, म्हणजे उंचीत हा मोठा. पण श्रावणातला जोग ज्याने पाहिला आहे त्याला ही धार फार कृश वाटेल. त्याच्या नावातला पहिला शब्द 'धूळ' या अर्थाचा आहे. खाली पोहोचेपर्यंत पाण्याची खरोखर धूळ झालेली असते.

त्याच दरीत ट्र्युमेलबाख नावाचा धबधबा आहे. तो बाहेर दिसतच नाही, डोंगराच्या पोटात आहे. आयगर, म्योन्ख आणि युंगफ्राउ या तीन शिखरांवरच्या हिमनद्यांचे पाणी एका अरुंद घळीतून दहा टप्प्यांनी गर्जत खाली येते. उन्हाळ्याच्या भरात सेकंदाला वीस हजार लिटरपर्यंत. डोंगरात बसविलेल्या पाळण्यातून वर जाऊन जिने उतरत तो पाहावयाचा. शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही आणि पायाखालचा खडक थरथरतो. या डोंगरांत सरोवराचे पीठ कसे दळले जाते याची येथे पुरती खात्री पटते.

येथून वर युंगफ्राउयोखला जाणारी रेल्वे ही मानवी जिद्दीची गोष्ट आहे. आडोल्फ गायर-त्सेलर या झूरिकच्या उद्योगपतीने १८९३ साली तिची कल्पना मांडली आणि १८९६ मध्ये काम सुरू झाले. तो स्वतः १८९९ मध्ये वारला. आयगर आणि म्योन्ख यांच्या पोटातून सात किलोमीटरहून लांब बोगदा खणून १ ऑगस्ट १९१२ रोजी गाडी ३४५४ मीटर उंचीवर पोहोचली. काम करणारे बहुतेक मजूर इटालियन होते आणि त्यांपैकी अनेकजण सुरुंगांच्या अपघातांत गेले. कळसूबाईच्या शिखराची उंची १६४६ मीटर. तिच्या दुपटीहून अधिक उंचीवर आपण बाकावर बसल्या बसल्या जातो. म्हणूनच वर उतरताच पुष्कळांचे डोके गरगरते. तेथे दर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशाइतकाच असतो. हळू चालावे, पाणी प्यावे, काळा चष्मा लावावा. भाडे जबर आहे. सवलत नसेल तर इंटरलाकेनपासून जाण्यायेण्याचे दोनशे फ्रँकच्या वर पडतात.

आपली बहुतेक मंडळी या ठिकाणी येऊन बर्फाचे गोळे एकमेकांवर फेकतात, छायाचित्रे काढतात, हिंदुस्थानी उपाहारगृहात जेवतात आणि परततात. त्याला माझा विरोध नाही. हिंदी चित्रपटांनी हा प्रदेश आपल्या घराघरांत पोहोचविला हे खरेच आहे. यश चोप्रांचा पुतळा २०१६ पासून इंटरलाकेनमध्ये आहे. पण ज्या कठड्याला टेकून छायाचित्र काढतात, त्याच कठड्याखालून आल्प्समधील सर्वांत मोठी हिमनदी, आलेच, सुरू होते आणि तिच्याकडे पाठ करून सगळे उभे असतात, याची चुटपुट लागते.

आलेच नीट पाहावयाची तर तिच्या दक्षिण अंगाला, ऱ्होन नदीच्या खोऱ्यात जावे लागते. आम्ही लोचबर्गच्या साडेचौतीस किलोमीटर लांबीच्या, २००७ साली खुल्या झालेल्या बोगद्यातून पलीकडे गेलो. तेथून रज्जुमार्गाने बेटमरआल्प या मोटारी नसलेल्या गावी, आणि पुन्हा पाळण्याने बेटमरहॉर्नच्या स्थानकावर. उंची २६४७ मीटर. दाराबाहेर पडून दहा-वीस पावले चाललो आणि ती खाली दिसली. सुमारे वीस किलोमीटर लांब, ऐंशीच्या आसपास चौरस किलोमीटर क्षेत्रफळ. अंगावर लांबच्या लांब दोन काळ्या रेघा, जणू एखाद्या महामार्गावर मारलेले पट्टे. वर कोंकोर्डिया नावाच्या ठिकाणी बर्फाचे मोठे प्रवाह एकत्र येतात. प्रत्येकाच्या काठाला डोंगरावरून पडलेल्या दगडांची ओळ असते. प्रवाह मिळाले की त्या काठच्या ओळी मधोमध येतात. पुस्तकातला 'मध्य हिमोढ' तो हाच. कोंकोर्डियापाशी बर्फाची जाडी सुमारे आठशे मीटर आहे. दहा कुतुबमिनार एकावर एक ठेवले तरी बुडतील.

आता वाहण्याविषयी. आकाशातून पडलेला ताजा हिम भुसभुशीत असतो, त्यात बहुतेक हवाच. वर्षानुवर्षे थरावर थर साचतात, खालचे दाबले जातात, हवा निघून जाते आणि घट्ट निळसर बर्फ तयार होतो. एवढ्या वजनाचा बर्फ दगडासारखा स्थिर राहत नाही, उतारावर काकवीसारखा सरकतो. मधला भाग वेगाने, काठचा हळू. आलेचचा कोंकोर्डियाजवळचा वेग वर्षाला दीडशे ते दोनशे मीटर आहे. १९२६ साली या हिमनदीवर तीन भाऊ बेपत्ता झाले होते. त्यांचे अवशेष २०१२ मध्ये पृष्ठभागावर सापडले. शहाऐंशी वर्षांत बर्फाने त्यांना सुमारे दहा किलोमीटर खाली आणले होते.

विद्यार्थी एक प्रश्न हटकून विचारतात : हिमनदी मागे हटते म्हणजे ती उलटी वर चढते काय? नाही. बर्फ सदैव खालीच येत असतो. पिग्मीचे खाते डोळ्यांपुढे आणा. वरच्या भागात हिवाळ्यात हिम पडतो ती जमा. खालच्या भागात उन्हाळ्यात वितळतो तो खर्च. जमेइतकाच खर्च असेल तर हिमनदीचे टोक जागच्या जागी राहते. जमा वाढली तर टोक पुढे सरकते. खर्च वाढला तर बर्फ खाली येईपर्यंत वाटेतच संपतो आणि टोक वर-वर दिसू लागते. स्वित्झर्लंडमध्ये ही टोके मोजण्याचे काम १८८० च्या सुमारास पद्धतशीर सुरू झाले आणि ते पुष्कळ ठिकाणी जंगलखात्याचे लोक करीत आले आहेत. दर शरद ऋतूत जायचे, खुणेच्या दगडापासून अंतर घ्यायचे, वहीत नोंदवायचे. इतके साधे काम इतकी वर्षे न चुकता केले, म्हणून आज त्या देशाला आपल्या बर्फाचा हिशेब नीट मांडता येतो.

तो हिशेब तुटीचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आलेच तीन किलोमीटरहून अधिक आखूड झाली आहे. २०२२ च्या एका वर्षात त्या देशातील हिमनद्यांचा ६ टक्के बर्फ गेला आणि २०२३ मध्ये आणखी ४ टक्के. २०२२ मध्ये हिवाळ्यात हिम कमी पडला होता. त्यात सहारातून वाऱ्याने आलेली धूळ त्यावर बसली. मळका बर्फ ऊन अधिक शोषतो, आणि वर उन्हाळा कडक. उंचीतही घट आहे. कोंकोर्डियाजवळ गिर्यारोहकांसाठी १८७७ साली एक निवारा बांधला, तेव्हा तो बर्फापासून सुमारे पन्नास मीटर उंच होता. बर्फ खाली गेला तसतसे लोखंडी जिने जोडीत जावे लागले. आता चारशेहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. बेटमरहॉर्नवरून समोरच्या उतारावर पाहिले की वर झाडाझुडपांचा भाग आणि खाली उघडा, फिकट दगड, यांमधली सरळ रेघ दिसते. घागरीतले पाणी उतरल्यावर आत ओल राहावी तशी ती बर्फाच्या जुन्या पातळीची खूण आहे.

पायथ्याशी फीश आणि फीशरताल ही गावे आहेत. तेथील कॅथॉलिक लोकांच्या नवसाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. सतराव्या शतकात हिमनद्या वाढत होत्या. आलेचच्या काठी बर्फाने अडून मेर्येलेन नावाचे एक सरोवर तयार होत असे आणि तो बांध फुटला की गावावर पूर येई. १६७८ साली गावकऱ्यांनी नवस केला : आम्ही सदाचरणाने वागू, देवाने बर्फ मागे सारावा. १८६२ पासून त्यासाठी दरवर्षी मिरवणूक काढू लागले. बर्फ मागे सरू लागला आणि थांबेचना. अखेर त्यांनी नवसाचे शब्द बदलण्याची परवानगी पोपकडे मागितली. ती २०१० मध्ये मिळाली, आणि आता तीच मिरवणूक बर्फ टिकावा म्हणून निघते. काहीजण ही गोष्ट हसून सांगतात. मला हसू आले नाही. पावसासाठी गाऱ्हाणे घालणाऱ्या आणि अतिवृष्टीत 'आता पुरे' म्हणणाऱ्या गावांतूनच आपण आलो आहोत.

बर्फ गेला तर बिघडले काय, असाही प्रश्न निघेल. आपल्या बेळगावला राकसकोपचा जलाशय पाणी देतो. तो पावसाळ्यात भरतो आणि उन्हाळ्यात कामी येतो. तेथे हिमनदी हिवाळ्यात भरते आणि ऐन उन्हाळ्यात, पाऊस नसताना, नद्यांना पाणी देते. ऱ्होन आणि ऱ्हाईन या युरोपच्या दोन मोठ्या नद्यांचा उगम याच डोंगरांत आहे. शेती, वीजघरे, बोटींची वाहतूक सारे त्यांवर. सुरुवातीला पाणी उलट वाढते, कारण ठेवच मोडली जात असते. ठेव संपत आली की ओहोटी लागते. झूरिकच्या तंत्र विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये केलेल्या गणितानुसार, तापमान दोन अंशांहून अधिक वाढू दिले नाही तरी शतकाच्या अखेरीस आलेचचा निम्म्याहून अधिक बर्फ जाईल. वाढत राहिले तर थोडे तुकडे उरतील.

आणि धोका केवळ पाण्याचा नाही. आलेचच्या पश्चिमेला एक खिंड ओलांडली की लोचेनताल नावाची दरी लागते. तेथील ब्लाटेन गावावर २८ मे २०२५ रोजी बर्च नावाची हिमनदी कोसळली. वरच्या डोंगराचे कडे सुटून तिच्यावर पडत होते, त्या दगडांचा भार तिला पेलवेना. क्षणार्धात बहुतेक सारे गाव गाडले गेले आणि अडलेल्या नदीच्या पाण्यात उरलेली घरे बुडाली. उतारावर देखरेख होती, म्हणून १९ मे रोजीच सुमारे तीनशे रहिवाशांना बाहेर काढले होते. जनावरेही हलविली होती. एकच माणूस दगावला. एका घटनेचा सारा दोष तापमानवाढीवर टाकता येत नाही, असे शास्त्रज्ञ बजावतात. परंतु उंचावरच्या खडकांच्या भेगांतला बर्फ हा चुन्यासारखे काम करतो आणि तो वितळला की कडे ढिले होतात, हेही तेच सांगतात. आम्ही गेलो तेव्हा या गोष्टीला दोन महिनेही झाले नव्हते. आलेचच्या काठचा मोसफ्लूचा उतारही २०१६ मध्ये असाच जोराने घसरू लागला होता आणि पायवाटा बंद कराव्या लागल्या. बर्फाने आजवर त्याला दिलेला टेकू निघून गेला होता.

पायवाटांवरून आठवले. आपल्या गिर्यारोहण मंडळाच्या मुलांना तेथे जावेसे वाटेल. त्या देशात खुणा केलेल्या सुमारे ६५,००० किलोमीटर पायवाटा आहेत. आपल्या गडांवर चुन्याचा बाण शोधीत फिरावे लागते. तेथे पिवळी पाटी असेल तर कोणीही चालावे; पांढरा-तांबडा-पांढरा पट्टा असेल तर चांगले बूट आणि डोक्यात चक्कर न येणारा माणूस हवा; पांढरा-निळा-पांढरा पट्टा असेल तर दोर आणि अनुभव. पाट्यांवर अंतर नसते, लागणारा वेळ असतो, आणि तो तेथील माणसांच्या पायांचा असतो. आपण त्यात पाव भाग मिळवावा. हिमनदीवर मात्र वाटाड्या आणि दोर यांशिवाय पाऊल टाकू नये. ताज्या हिमाखाली भेगा झाकलेल्या असतात आणि त्या तीस-चाळीस मीटर खोल असू शकतात.

एवढा खर्च ज्यांना झेपणार नाही त्यांनी हिमनदी पाहण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. गंगोत्रीची हिमनदी सुमारे तीस किलोमीटर लांब, म्हणजे आलेचपेक्षा मोठी आहे. गंगोत्री गावापासून गोमुखापर्यंत अठरा किलोमीटर पायी चालावे लागते. त्यासाठी वनखात्याचा परवाना लागतो आणि दिवसाला दीडशे माणसांनाच तो देतात, म्हणून आधी व्यवस्था करावी. मे-जून किंवा सप्टेंबर हे महिने चांगले. तिचा बर्फ आलेचसारखा पांढरा दिसत नाही. दगडमातीच्या जाड थराखाली झाकलेला असतो, त्यामुळे पुष्कळांना आपण हिमनदीवर पाहत आहोत हेच कळत नाही. गोमुखाच्या तोंडाशी निळसर भिंत दिसेल, तेथे थांबावे. भागीरथीचे पाणी तेथे राखी रंगाचे असते. एका पेल्यात घेऊन तासभर तसेच ठेवले, तर तळाशी जो गाळ बसतो तो दोन बोटांत चोळून पाहावा.